सायकलचं वजन विचारलंत, तुमचं सांगितलंत का?

टेकडीवरच्या पायवाटांनी सायकल चालवणाऱ्या मुली-बायका हल्ली दिसतात. काही जणी 'फुल सस्पेन्शन', म्हणजे दोन्ही चाकांना शॉक असलेली माउंटन बाइक घ्यायचं ठरवतात. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, वजन किती? १२-१३ किलोची हलकीच म्हणायची. चढावर फरक कळतो. पण त्यासाठी लाखांत पैसे मोजणाऱ्या बाईला तिचं स्वतःचं वजन सहसा कुणी विचारत नाही, हे मला खटकतं.

कारण शॉकमध्ये हवा भरायची ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. ८० किलोच्या पुरुषासाठी भरलेल्या हवेवर ५० किलोची मुलगी बसली तर शॉक पुरेसा दबतच नाही. दगडांवर चाक उसळतं, हात भरून येतात आणि वर ऐकायचं काय, तर 'तू घाबरतेस!'

तपासणं सोपं आहे. हेल्मेट, पाठीवरची पिशवी, सगळं घालून बसा. मागच्या शॉकवरची रबरी रिंग सीलला टेकवा, अलगद उतरा आणि मोजा. ट्रेलसाठी शॉक त्याच्या एकूण दबण्याच्या २५ ते ३० टक्के दबायला हवा. ४५ मिमी दबणारा असेल तर ११ ते १३ मिमी. कमी दबला तर हवा काढायला लावा, लाजू नका!

नुसत्या मातीच्या रस्त्यांवर फिरायचं असेल, तर त्याच पैशांत फक्त पुढे शॉक असलेली सायकल आणखी हलकी मिळते. मागच्या सांध्यांची बेअरिंग्ज पावसाळी चिखलात खराब होतात, तो खर्चही वाचतो.