पंधरावी मेंढी

2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे 27 लाख मेंढ्या आणि 1 कोटी 6 लाख शेळ्या नोंदल्या गेल्या. 2012 नंतर शेळ्या चौथाईने वाढल्या, मेंढ्या जेमतेम 4 टक्क्यांनी. तरी माळ उजाड झाला की पहिले बोट मेंढपाळाच्या कळपाकडे जाते. हे चूक आहे. डोकी मोजून माळावरचा भार कळत नाही, त्यासाठी हेक्टर धरून हिशेब करावा लागतो.

1975 साली नॉय-मेयर या इस्रायली शास्त्रज्ञाने तो गणितात बसवला. एका बाजूला गवताची रोजची वाढ, दुसऱ्या बाजूला जनावरांचे रोजचे खाणे. गवत अगदी तोकडे असेल तर वाढ कमी, कारण पानेच नाहीत. फार दाटले तरी कमी, कारण जागाच उरत नाही.

पावसाळी माळासाठी ठोकळ आकडे धरू. हेक्टरी जास्तीत जास्त 2000 किलो सुके गवत, वाढीचा कमाल दर दिवसाला 2 टक्के, मेंढीची भूक 0.9 किलो. गवत 300 किलोवर आले की तिला निम्मेच मिळते. हेक्टरी 10 मेंढ्या असतील तर गवत 1500 किलोवर टिकते. रोज 7.5 किलो उगवते, तेवढेच खाल्ले जाते. घसरण लागते ती 200 किलोंच्या खाली गेल्यावरच. 14 मेंढ्यांना गवत 1100 वर टिकते, पण धोक्याची रेषा 600 वर चढलेली असते. पावसाने एक मोठी ओढ दिली तरी माळ तिच्याखाली जाऊ शकतो. पंधरावी मेंढी आली की तोल साधणारी पातळीच राहत नाही. मग ती एकटी परत नेऊन भागत नाही. खुरटलेला माळ चराई चालू असताना सावरायचा, तर हेक्टरी 6 मेंढ्यांवर यावे लागते, नाहीतर काही काळ तो मोकळा सोडावा लागतो.

मोकळा सोडणे धनगरांच्या चालीतच आहे. पाऊस सरला की माण-खटावकडचे वाडे, म्हणजे कळप घेऊन फिरणारे धनगरांचे तांडे, कोकणाच्या वाटेला लागतात आणि पिके निघालेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात. या वाटेवर ऊस, प्लॉटिंग आणि तारेची कुंपणे आली. चरायची जागा आटली. समजा, 140 मेंढ्यांना 14 हेक्टर होते, तेव्हा भार हेक्टरी 10 चा होता. 4 हेक्टर गेले, 14 चा झाला. आणखी एक गेले की साडेपंधराच्या वर, आणि कळपात एकही मेंढी वाढलेली नाही.