हार्बर लाइनवरचं विज्ञान

पनवेलहून सीएसएमटीची लोकल धरली की महाराष्ट्रातल्या विज्ञान शिक्षणाची दोन मोठी ठाणी वाटेतच लागतात, गाडी बदलावी लागत नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि पुढे चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन. हार्बर लाइन खाडी ओलांडून वाशीला आली १९९२ साली आणि पनवेलला पोचली १९९८ साली. त्याआधी सिडकोच्या घरात राहायला आलेल्या नवीन पनवेलकराला मुंबई म्हणजे एसटीची रांग, नाहीतर दिव्याची पॅसेंजर. पोरांना विज्ञान ‘दाखवायला’ नेणं हा दिवसभराचा कार्यक्रम असे आणि तो बहुतेक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उरके. तिथलं विज्ञान उद्यान १९७९ सालचं, मुख्य केंद्र १९८५ सालचं. दांडा ओढा, चाक फिरवा, बटण दाबा. मुलं तिथून हलायला तयार नसत, कारण कुणी ‘हात लावू नको’ म्हणत नसे. शाळेत मात्र तेच ऐकू येई.

लहान मुलांनी हाताने करून शिकावं, हा विचार मराठी मुलखात काही मुंबईच्या शास्त्रज्ञांनी आणलेला नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसोरीबाईंची साधनं उत्तम, पण महाग, आणि डहाणूकडच्या वारली मुलांना परकी. मग शिंपले, बिया, खडे, पानं, काटक्या अशी जागेवर मिळेल ती साधनं झाली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असाही प्रयोग त्यांनी केला. त्याला विज्ञान शिक्षण असं नाव कुणी दिलं नाही. पण बियांची रास लावताना गुळगुळीत कुठली, खरखरीत कुठली, पाण्यात कुठली तरंगते हे पाहणारं पोर वर्गीकरणच करत होतं. आपल्याकडे बालवाडीचा इतिहास शिक्षणाच्या कप्प्यात आणि विज्ञानप्रसाराचा इतिहास दुसऱ्या कप्प्यात ठेवला गेला. दोन्ही कप्प्यांचं त्यात नुकसान झालं, असं मला वाटतं. बालवाडीच्या बाईंना आपण विज्ञान शिकवतो हे कळलं नाही, आणि विज्ञानवाल्यांनी सुरुवातच मुळी सहावीपासून केली.

मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली १९६६ साली. नवी मुंबई वसवायला सिडको आली १९७० साली. त्याच सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काही शास्त्रज्ञ संशोधनातून वेळ काढून मुंबई महापालिकेच्या शाळांत जाऊ लागले होते, प्रयोगातून पदार्थविज्ञान शिकवता येतं का हे पाहायला. त्यातले अनुभव आणि माणसं पुढे मध्य प्रदेशात पोचली. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान’ सुरू झालं. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांचा तो उद्योग. १९७८ साली तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने सांभाळला.

मध्य प्रदेशातल्या या कार्यक्रमाचा मागोवा मराठीत घ्यायचं कारण त्याची परीक्षा. प्रयोग करवून घेणारे शिक्षक सगळीकडे थोडेफार असतातच. होशंगाबादने परीक्षाच बदलली. पेपर लिहिताना पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा, शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी. पुस्तक उघडं असलं की पाठांतर विचारण्यात अर्थ उरत नाही. मग पेपर काढणाऱ्यालाच डोकं चालवावं लागतं. शिवाय फुटलेलं-संपलेलं साहित्य भरून देण्याची सोय कार्यक्रमातच होती. या दोन गोष्टी होत्या तोवर प्रयोग वर्गात टिकले. २००२ साली सरकारने कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो हजारएक शाळांत चालू होता.

इकडे १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. पहिली बरीच वर्षं त्याचा संसार नाना चौकातल्या महापालिका शाळेत होता, मानखुर्दची प्रशस्त जागा नंतरची. वि. गो. कुलकर्णी हे पहिले संचालक. केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत काम केलं, मुंबईतल्या महापालिका शाळांतल्या गरीब वस्तीतल्या मुलांबरोबर केलं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. मूल अडतं ते विज्ञानात कमी आणि पाठ्यपुस्तकाच्या भाषेत जास्त. भाषा सोपी केली की वर्गातले प्रश्न वाढतात. त्याच केंद्रातल्या जयश्री रामदास यांनी पुढे ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिक वर्गांची पुस्तकं केली. लहान मुलांसाठी मुद्दाम विचार करून झालेल्या थोड्या कामांपैकी हे एक. मुंगीमागे जा, ती कुठे जाते बघ, काय दिसलं त्याचं चित्र काढ, अशा वळणाचं ते काम आहे. तिथे उत्तराआधी बघणं येतं.

आणि अरविंद गुप्ता. बरेलीचा मुलगा, आयआयटी कानपूरचा इंजिनीअर. पुण्याला टेल्कोत नोकरी करत असताना १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादला गेला. तिथल्या आठवडी बाजारात त्याला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे कापून त्यांत आगकाड्या खोचल्या की सांधे तयार होतात. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. पूल, मनोरे आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, हे सात वर्षांच्या पोराला बोटांनी कळतं. सूत्र यायचं तेव्हा येवो.

गुप्तांची मोटरही अशीच. एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना रबराने धरलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर एक लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. गंमत सगळी तारेच्या इनॅमलात आहे. वेटोळ्याचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं तीन बाजूंनीच. चौथी बाजू राखली की प्रत्येक फेऱ्यात वीज क्षणभर तुटते आणि वेटोळं मागे न ओढलं जाता पुढे सरकतं. मुलं हटकून चारही बाजू खरवडतात. वेटोळं थरथरतं आणि थांबतं. मग ‘का?’ हे त्यांचं त्यांनाच विचारावं लागतं.

पुण्याला आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ‘पुलस्त्य’ ही वास्तू उभी राहिली आणि तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. पुलस्त्य हा सप्तर्षींतला तारा, आणि त्यात पु. ल. आपसूक दडलेले! २००३ ते २०१४ गुप्ता तिथे होते, विदुला म्हैसकर आणि अशोक रुपनर यांच्यासोबत. टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी, त्यांच्या मराठीसह अनेक भाषांतल्या छोट्या फिल्म, सगळं फुकट उतरवून घेता येईल असं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या खेळण्यांचा सर्वांत मोठा गुण वेगळाच वाटतो. ती कुठल्याही रजिस्टरमध्ये नोंदवावी लागत नाहीत.

हे शाळेत काम केलेल्यालाच पटेल. शाळेला विज्ञान पेटी मिळते तेव्हा तिच्यातला प्रत्येक नग डेडस्टॉक रजिस्टरला चढतो. भिंग दोन, लोहचुंबक पट्टी एक जोडी, होकायंत्र एक. मुख्याध्यापक बदलले की चार्ज देता-घेताना वस्तू मोजून दाखवावी लागते. भिंगाला तडा गेला तर निर्लेखनाचा प्रस्ताव करा. शहाणा शिक्षक काय करणार? पेटीला कुलूप. तपासणीच्या दिवशी पेटी निघते, कोरी करकरीत. पेटीत काही कमी नसतं, पण तिथे तुटण्याला जागा नसते, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हातातलं भिंग कधी ना कधी पडणारच.

दुसरा हिशोब गुणांचा. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. हेतू चांगला, रचनाही विचारपूर्वक: लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग स्वतः केलेला प्रकल्प आणि मुलाखत. नवीन पनवेलसारख्या गावात तिचं काय झालं? पाचवीपासून क्लास लागले. प्रात्यक्षिकाचेही क्लास लागले. कुठल्या नळीत काय ओतलं की कोणता रंग येतो, हे पाठ करून घेणारे. स्पर्धेला दोष देणं सोपं आहे. पण परीक्षेत खेळ घातला की खेळाची परीक्षा होते, आणि होशंगाबादने साधलेली तारेवरची कसरत नंतर फार कुणाला जमली नाही. तालुका विज्ञान प्रदर्शनाबद्दल थोडक्यात एवढंच, की ज्वालामुखी वडील बांधतात आणि माहिती मुलगा सांगतो.

साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी वेगळी वाट धरली. मुलं आकृत्या रंगवलेल्या फरशीवर बसून खडे, काड्या, मणी, माळा घेऊन आपापलं शिकतात, बाई मध्येमध्ये फिरतात. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर मुलाने ज्ञान स्वतःच रचावं असं सांगणारा ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगाव पोचला. पनवेल तालुक्यातल्या शाळांच्याही फरश्या रंगल्या. पण फरशी ऑइलपेंटने रंगवणं सोपं, मुलाने तिच्यावर काय करावं याला वेळ देणं अवघड. नक्कल झाली ती बहुतेक फरशीची.

मग आली राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधली पायाभूत पायरी, तीन ते आठ वयाची. खेळ हाच अभ्यास, असं स्पष्टपणे सरकारी कागदावर आलं. २०२३ च्या फेब्रुवारीत एनसीईआरटीने ‘जादुई पिटारा’ काढला: खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रकार्डं. ताराबाईंनी जे टेकडीवरून वेचलं, ते आता पेटीत मिळणार. पेटी म्हणजे पुन्हा रजिस्टर, ही शंका मनात आल्याशिवाय राहत नाही.

नवीन पनवेलच्या मुलाला खरं तर पेटीची गरज कमीच. जूनमध्ये मोकळ्या भूखंडांवरच्या डबक्यांत बेडकांची अंडी सापडतात. आदईचा डोंगर दिसतो, गाढी नदी पुराच्या पाण्याने रंग बदलते. मुंबई-गोवा रस्त्यावर तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे. तेलघाणी, कुंभारकाम, साबण, सगळं हाताने होताना दिसतं. त्याच वाटेवर कर्नाळा, राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य. एवढं असून संध्याकाळी मूल जातं रोबोटिक्सच्या क्लासला. तिथे महागडा संच असतो, तासाभरात गाडी चालायलाच हवी असते, कारण पालक न्यायला येतात तेव्हा काहीतरी चालताना दिसलं पाहिजे. तास संपला की सुटे भाग मोजून डब्यात परत. नाव बदललं तरी डेडस्टॉक रजिस्टर तेच.

सायकलची ती व्हॉल्व्ह ट्यूब मिळणंही आता अवघड होत चाललं आहे. पोरांच्या गिअरच्या सायकलींना मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो. गुप्तांच्या खेळण्यातल्या पंपासाठी लागणारे कॅमेरा फिल्मचे डबे तर गेलेच. पण टाकाऊ वस्तूंचा दुष्काळ काही पडत नाही. औषधांच्या बाटल्यांची झाकणं, पार्सलचे पुठ्ठे, जुन्या चार्जरमधली तारेची गुंडाळी, बंद पडलेल्या इअरफोनमधलं इवलंसं चुंबक. हे सगळं घरात पडलेलं असतं आणि त्याचा हिशोब कुणी मागत नाही.

शाळांपुरता उपाय तसा किरकोळ आहे. खडू डेडस्टॉकला चढत नाही. तो खर्ची पडतो, संपला की नवा डबा येतो, आणि झिजलेल्या खडूचं निर्लेखन करा असं कुणी म्हणत नाही. पहिली ते चौथीच्या वर्गातली भिंगं, चुंबकं, सेल, तारा आणि फुगे यांना त्याच खात्यात टाकायला एक परिपत्रक पुरेल.