अकरा टँकर, एक रात्र

दक्षिण अटलांटिक महासागराच्या मधोमध ॲसेन्शन नावाचं एक छोटं ज्वालामुखी बेट आहे. काळे-तांबडे दगड आणि राख, झाडोरा म्हणावा तर फक्त वरच्या डोंगरावर. या बेटावर हजारोंच्या संख्येनं एक सागरी पक्षी अंडी घालायला येतो. तो रात्रभर इतका कलकलाट करतो की आसपास कुणाचा डोळा लागत नाही. म्हणून स्थानिक लोक त्याला ‘वाइडअवेक’, म्हणजे टक्क जागा, असंच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकनांनी तिथे धावपट्टी बांधली आणि तिला या पक्ष्याचंच नाव मिळालं. ३० एप्रिल १९८२ च्या रात्री वाइडअवेकवर पक्षीही जागे होते आणि माणसंही. त्या रात्री तिथून एकामागून एक, दर मिनिटाला एक याप्रमाणे, तेरा विमानं उडाली. त्यातली दोन बॉम्बफेकी होती. बाकीची अकरा होती टँकर, म्हणजे हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानाला इंधन पाजणारी.

इतिहासाची पुस्तकं त्या रात्रीची गोष्ट सांगताना बॉम्बफेकी विमानापाशी थांबतात. मला मात्र ती गोष्ट टँकरांची वाटते.

प्रसंग फॉकलंडच्या युद्धाचा. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनानं फॉकलंड बेटं ताब्यात घेतली आणि ब्रिटननं ती परत घ्यायला आरमार धाडलं. अडचण अंतराची होती. ॲसेन्शनपासून फॉकलंडची राजधानी पोर्ट स्टॅनली सुमारे ६,३०० किलोमीटर. मुंबई-लंडन अंतरापेक्षा थोडंच कमी, आणि वाटेत फक्त पाणी. ब्रिटिश हवाई दलाकडे बॉम्बफेकी विमान होतं ते व्हल्कन. ते युरोपात अण्वस्त्रं टाकण्यासाठी बनवलेलं आणि त्याच वर्षी निवृत्त व्हायला निघालेलं. एका टाकीत स्टॅनलीपर्यंतसुद्धा न पोहोचणाऱ्या या विमानानं तिथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकून परत यायचं, असं ठरलं.

मग उरला इंधनाचा हिशेब. आपल्याला टँकर म्हटलं की उन्हाळ्यातलं गाव आठवतं, विहिरीत पाणी ओतणारा टँकर आणि भोवती घागरींची गर्दी. आता अशी कल्पना करा की त्या टँकरचं इंजिनही त्याच टाकीतल्या पाण्यावर चालतं आणि गाव हजारो किलोमीटरवर आहे. निघताना भरलेली टाकी वाटेतच निम्मी होणार, आणि परत येण्यापुरतं राखून ठेवलं तर गावाला द्यायला तांब्याभरच उरणार. यावर उपाय एकच. बरेच टँकर एकत्र निघायचे. ठरलेल्या ठिकाणी काहींनी आपलं जास्तीचं इंधन सोबत्यांच्या टाक्यांत ओतायचं आणि माघारी फिरायचं. उरलेल्यांनी भरल्या टाकीनं पुढे जायचं आणि पुढच्या टप्प्यावर पुन्हा तेच करायचं. शेवटी एकच टँकर आणि एकच व्हल्कन उरेल, आणि शेवटची घागर व्हल्कनमध्ये रिकामी होईल. एका बॉम्बफेकी विमानाला स्टॅनलीपर्यंत नेण्यासाठी अकरा टँकर लागले ते असे. दुसरं व्हल्कन राखीव होतं.

हे टँकर होते हँडली पेज कंपनीचे व्हिक्टर. मुळात तेही अणुबॉम्ब वाहण्यासाठीच जन्मले होते. पहिल्या व्हिक्टरचं उड्डाण १९५२ च्या डिसेंबरातलं. ब्रिटनचे आधीचे टँकर, व्हॅलियंट, धातूला थकव्याच्या भेगा पडू लागल्यानं १९६५ साली कायमचे जमिनीवर आले आणि ते काम व्हिक्टरच्या अंगावर पडलं. १९८२ च्या त्या वसंतात ब्रिटनचा सगळा टँकर ताफा व्हिक्टरांचाच होता, ५५ आणि ५७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये वाटलेला. त्यांचं घर इंग्लंडातलं मारहॅम.

व्हल्कनची परिस्थिती अधिक बिकट होती. वीसेक वर्षांत त्यांच्या वैमानिकांनी हवेत इंधन घेतलंच नव्हतं. विमानाच्या नाकावरच्या ज्या नळीतून इंधन घ्यायचं, त्या नळ्याच बहुतेक विमानांवरून काढून टाकलेल्या. मग निवृत्त होऊन संग्रहालयात गेलेल्या विमानांवरूनसुद्धा त्या सोडवून आणल्या. अथांग समुद्रावर दिशा दाखवणारी यंत्रणा जुन्या प्रवासी विमानांतून उचलली. सरावात जोडणीतून इंधन गळून पुढच्या काचेवर पसरायचं आणि वैमानिकाला समोरचं काही दिसेनासं व्हायचं. हे सगळं शिकायला दोन-तीन आठवडे मिळाले.

हवेतली ही जोडणी जवळून कशी दिसते? टँकरच्या पोटाखालून एक लांब रबरी नळी मागे सोडतात. तिच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली असते. मागच्या विमानानं आपल्या नाकावरची नळी त्या टोपलीत नेमकी खुपसायची. टोपली वाऱ्यावर हेलकावत असते आणि मागचं विमान जवळ आलं की त्याच्या पुढच्या हवेच्या धक्क्यानं बाजूला सरकते. म्हणून वैमानिकांना शिकवतात की टोपलीकडे टक लावून बघायचं नाही, टँकरच्या अंगाकडे बघत हळूहळू पुढे सरकायचं. नळीच्या घराजवळ दिवे असतात. पिवळा लागला की जवळ यायला हरकत नाही, हिरवा लागला की इंधन वाहतंय, तांबडा लागला की ताबडतोब सुटा.

आता पुन्हा वाइडअवेककडे. धावपट्टी एकच, सुमारे तीन किलोमीटरची. तिच्या बाजूनं समांतर जाणारा रस्ता नाही. विमानं दाटीवाटीनं उभी. ज्वालामुखीची बारीक राख इंजिनात जाऊ नये म्हणून जमीन पुन्हा पुन्हा झाडावी लागायची. रेडिओवर बोलायला बंदी. रात्री अकराच्या सुमाराला इंजिनं सुरू झाली. तेरा विमानं, प्रत्येकी चार इंजिनं, म्हणजे बावन्न इंजिनांचा आवाज त्या एवढ्याशा बेटावर घुमला. एक विमान धावू लागलं की पुढचं रांगेत सरकायचं, आणि मिनिट भरलं की तेही सुटायचं. व्हल्कनच्या पोटात प्रत्येकी हजार पौंडांचे एकवीस बॉम्ब होते आणि त्याचं वजन मान्य मर्यादेपेक्षा जास्त होतं.

एक मिनिट म्हणजे किती कमी, हे नागरी विमानतळाशी तुलना केली की कळतं. जड विमान उडालं की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे मागे सुटतात आणि बराच वेळ तिथेच रेंगाळतात. त्यात सापडलेलं विमान कलंडू शकतं. म्हणून प्रवासी विमानांमध्ये दोन-तीन मिनिटं सोडतात. मग त्या रात्री घाई का? कारण आधी उडालेलं विमान मागच्यांची वाट बघत घिरट्या घालताना इंधनच जाळत असतं, आणि सगळी मोहीमच इंधनाच्या थेंबाथेंबावर उभी होती.

याहून जीवघेणी घाई अमेरिकनांनी शीतयुद्धात केली होती. सोव्हिएत क्षेपणास्त्र येऊन तळ बेचिराख होण्यापूर्वी जेवढी विमानं वर काढता येतील तेवढी काढायची, यासाठी त्यांची बॉम्बफेकी विमानं बारा सेकंदांच्या आणि टँकर पंधरा सेकंदांच्या अंतरानं उडवण्याची पद्धत होती. त्यांच्या केसी-१३५ टँकरच्या जुन्या इंजिनांना जोर मिळावा म्हणून उड्डाणाच्या वेळी त्यांत पाणी फवारायचे. त्यानं धुराचे काळेकुट्ट लोट उठायचे आणि मागच्या वैमानिकाला त्या धुरात, पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात शिरूनच उडावं लागायचं. पण तो सराव होता. खऱ्या अणुयुद्धासाठी ती उड्डाणं कधी झाली नाहीत. ॲसेन्शनची रात्र खरी होती.

खरी असल्यामुळे तिथे बिघाडही खरेच झाले. मुख्य व्हल्कन हवेत चढलं आणि त्याच्या एका खिडकीचं रबर दगा देऊन गेलं. आत हवेचा दाब धरेना, त्याला परतावं लागलं. राखीव म्हणून निघालेल्या एक्सएम ६०७ या व्हल्कनचे वैमानिक मार्टिन विदर्स अचानक मुख्य झाले. एका व्हिक्टरची रबरी नळीच चालेना, त्याच्या जागी राखीव टँकर घ्यावा लागला. व्हल्कन अंदाजापेक्षा जास्त इंधन पीत होतं, त्यामुळे टँकरांना ठरल्यापेक्षा जास्त द्यावं लागत होतं. परतणाऱ्या व्हिक्टरांची अवस्था अशी की, चार विमानं एकाच वेळी कोरड्या टाक्यांनिशी वाइडअवेकवर आली. धावपट्टी रिकामी करून देण्याइतका वेळ कुणाकडेच नव्हता. म्हणून पहिलं विमान उतरून पार टोकाला जाऊन उभं राहिलं, दुसरं त्याच्यामागे, तिसरं त्याच्यामागे. शेवटच्याचे ब्रेक लागले नसते तर चारही गेली असती.

दूर दक्षिणेला दोन व्हिक्टर आणि एक व्हल्कन उरले होते. बॉब टक्सफर्ड यांच्या व्हिक्टरनं स्टीव्ह बिगलंड्स यांच्या व्हिक्टरला भरायचं, आणि बिगलंड्सनी व्हल्कनसोबत शेवटपर्यंत जायचं, असा बेत होता. नेमकी तेव्हाच विजांची वावटळ आडवी आली. विमानं हेलकावू लागली, टोपली वेडीवाकडी उडू लागली आणि बिगलंड्स यांच्या विमानाची नाकावरची नळीच मोडली. आता त्यांना इंधन घेता येणार नव्हतं, देता मात्र येत होतं. तेव्हा भूमिका उलटल्या. टक्सफर्ड मागे आले आणि त्याच वादळात त्यांनी बिगलंड्सकडून इंधन घेतलं. मोडलेल्या नळीचा तुकडा टक्सफर्ड यांच्या टोपलीत अडकलेला नाही ना, हे व्हल्कननं जवळ येऊन पाहिलं. बिगलंड्स माघारी वळले.

मग शेवटची भरणी. व्हल्कनला हवं होतं तेवढं इंधन टक्सफर्ड देऊ शकत नव्हते. त्यांनी शक्य तेवढं दिलं, आणि त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या टाकीत ॲसेन्शनला परतण्याइतकं उरलं नाही. देण्याआधी त्यांनी आपल्या चारही सहकाऱ्यांना विचारलं होतं. सगळ्यांनी द्या म्हणून सांगितलं. मदत मागायचीही सोय नव्हती, कारण रेडिओवर एक शब्द उच्चारला तरी पुढे गेलेलं व्हल्कन उघडं पडलं असतं. ती पाच माणसं उत्तरेकडे वळली आणि गप्प राहून मोहिमेच्या निकालाची वाट बघू लागली. तो आला नसता, किंवा उशिरा आला असता, तर खाली फक्त समुद्र होता.

पहाटे व्हल्कन पाण्यालगत उडत स्टॅनलीजवळ पोहोचलं, दहा हजार फुटांवर चढलं आणि त्यानं धावपट्टीला तिरकं छेदत एकवीस बॉम्ब सोडले. एक धावपट्टीच्या मध्यावर पडला. यशाचा सांकेतिक शब्द रेडिओवर गेला, आणि तो ऐकल्यावरच टक्सफर्ड यांनी दुसरा टँकर मागितला. तो भेटला, ते वाचले. व्हल्कनलाही ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ एका व्हिक्टरनं गाठून पाजलं. जवळजवळ सोळा तासांनी ते वाइडअवेकवर उतरलं. तोवरच्या इतिहासातली ती सर्वांत लांब पल्ल्याची बॉम्बफेक होती.

दिवस उजाडला होता १ मे चा. आपल्याकडे महाराष्ट्र दिन. त्याच सकाळी एका विमानवाहू जहाजावरून सी हॅरियर विमानांनी स्टॅनलीवर दुसरा हल्ला केला. त्या जहाजाचं नाव एचएमएस हर्मिस. पाच वर्षांनी ते भारतीय नौदलात आलं आणि आयएनएस विराट झालं. मुंबईच्या बंदरात वर्षानुवर्षं उभी असलेली, ६ मार्च २०१७ रोजी मुंबईतच निवृत्त झालेली विराट ती हीच. तिच्यावरून उडणारी भारतीय सी हॅरियर गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर असायची.

एका बॉम्बसाठी एवढा खटाटोप योग्य होता का, यावर अजून वाद आहे. अर्जेंटिनाची मालवाहू विमानं त्या धावपट्टीचा वापर पुढेही करत राहिली, हे खरं. पण वेगवान लढाऊ जेट विमानं तिथे येऊन ठाण मांडू शकली नाहीत, हेही तितकंच खरं. माझ्या मते त्या रात्रीचं मोल खड्ड्यात नाही. इतक्या लांब पोहोचता येतं, हे टँकरांनी सिद्ध केलं, त्यात आहे.

या विद्येचा एक धागा भारताशीही जोडलेला आहे. १९३४ च्या सप्टेंबरात ॲलन कॉबम या इंग्रज वैमानिकानं हवेत इंधन घेत इंग्लंडहून न थांबता हिंदुस्थानात यायचा प्रयत्न केला होता. तो माल्टापर्यंतच पोहोचला. त्यानंच काढलेल्या कंपनीनं पुढे नळी आणि टोपलीची पद्धत रूढ केली. आज भारतीय हवाई दलाचे सहा आयएल-७८ टँकर आग्र्याहून उडतात ते याच पद्धतीवर. ते २००३ पासून सेवेत आहेत. पुण्यात लोहगावहून सुखोई उडताना पाहिलं असेल, तर नाकाशेजारी मिटलेली इंधन घ्यायची नळी त्यांच्याकडेही असते. २०२५ च्या मार्चमध्ये वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी एक केसी-१३५ सुद्धा भाड्यानं घेण्याचा करार झाला. शीतयुद्धात पंधरा सेकंदांनी उडणाऱ्या त्या टँकरांचंच भावंड. एवढ्या मोठ्या देशाला सहा टँकर फार अपुरे आहेत, आणि नव्यांची खरेदी वर्षानुवर्षं रखडत आली आहे. लढाऊ विमान आलं की आपण पेढे वाटतो. टँकरची चौकशी कुणी करत नाही, ती व्हायला हवी.

त्या रात्रीची पदकं नंतर जाहीर झाली. विदर्स यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला, शत्रूवर चालून जाताना दाखवलेल्या शौर्यासाठीचा. टक्सफर्ड यांना मिळाला एअर फोर्स क्रॉस. तो शत्रू समोर नसतानाच्या उड्डाणांतल्या शौर्यासाठी देतात.