देवराष्ट्रेची किकवाली गाडी आणि कॉन्सेप्ट कार

आजचा प्रश्न साधा आहे: कॉन्सेप्ट कार रस्त्यावर का दिसत नाही?

कारण ती विकायला बनवलेलीच नसते. डोक्यातली कल्पना खरंच उभी राहते का, हे बघायला बनवतात. 1970 साली मार्चेलो गांदिनीनं लॅन्चिया स्ट्रॅटोस झीरो रेखली. उंची 84 सेंटिमीटर, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याएवढी! आत बसायचं तर पुढची काचच वर उचलायची. पुढच्या वर्षी त्याचीच काऊंटाश जिनिव्हात आली. ती 1974 पासून विकली गेली, पण इंजिन तापायचं म्हणून बाजूला हवेसाठी मोठे मार्ग काढावे लागले.

आता आपल्या सांगलीकडे या. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलासाठी भंगारातल्या भागांतून चारचाकी बनवली. खर्च साधारण 60 हजार, आणि स्टार्टर? बाइकसारखी किक! डिसेंबर 2021 मध्ये व्हिडिओ गाजला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही नियमांत बसत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो दिली.

इथेच खरी मेख आहे. गाडी चालली म्हणजे पास झाली, असं नाही. ब्रेक, दिवे, धूर असं सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं, कारण समोरून येणाऱ्याचाही जीव असतो.

म्हणून सातारा-सांगलीतल्या गॅरेजवाल्या मित्रांनो, गाड्या जरूर जुळवा. शेतात, अंगणात पळवून बघा. हायवेला काढायची, तर आधी पासिंगचं बघा.