बालाघाटाची वाट आणि मध्यम ट्रॅव्हलची सायकल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बार्शीहून पांगरीच्या वाटेला लागले म्हणजे काळ्या रानाचा सपाट मुलूख हळूहळू मागे पडतो, जमिनीचा रंग पालटतो, बांधावरच्या बाभळी खुज्या होत जातात आणि येडशीच्या अलीकडे बालाघाटाची किनार समोर उभी राहते. पाणंदीतील धूळ, ओढ्यातील गोटे, मुरमाड चढ, गुरांनी पाडलेल्या अरुंद पायवाटा आणि उतारावर उघड्या पडलेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, असे भूमीचे इतके प्रकार ज्या मुलखात एका सकाळच्या फेरीत भेटतात, तेथील सायकलस्वाराला एकाच कामासाठी घडवलेली सायकल पुरी पडत नाही. चढावर ओझे न होणारी आणि उतारावर दगा न देणारी अशी जी सायकल आज ‘ट्रेल बाइक’ या नावाने विकली जाते, ती त्याच्या उपयोगाची. परंतु ती निवडताना दुकानातील जाहिरातीपासून चौकातील मसलतीपर्यंत ज्या समजुती प्रमाण मानल्या जातात, त्यांतील बऱ्याचशा वस्तुस्थितीच्या कसोटीस उतरत नाहीत. आणि लाखाच्या घरात जाणारी रक्कम खर्च करणाऱ्या माणसाची अशा समजुतींपायी फसगत व्हावी, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

सर्वांत रूढ समजूत अशी की, ट्रॅव्हल जितका अधिक तितकी सायकल श्रेष्ठ. चाक दगडावर आदळले असता ते फ्रेमच्या दिशेने जितके वर सरकू शकते, त्या अंतरास ट्रॅव्हल म्हणतात. क्रॉस-कंट्री शर्यतीच्या सायकलीस तो १०० ते १२० मिलिमीटर असतो, ट्रेल सायकलीस साधारण १२० ते १५०, एन्ड्युरो जातीच्या सायकलीस १५० ते १८०, आणि निव्वळ डोंगर उतरण्यासाठी बांधलेल्या डाउनहिल सायकलीस २०० च्या आसपास. या आकड्यांची चढती भाजणी पाहून ग्राहकाच्या मनात गुणवत्तेची भाजणी तयार होते. वस्तुतः ती कामाची वाटणी आहे. अधिक ट्रॅव्हलसाठी अधिक भक्कम, म्हणून अधिक जड, फ्रेम आणि चाके लागतात. पुढचा काटा, म्हणजे फोर्क, लांब होतो, हँडल उंचावते, आणि चढावर पायांनी दिलेल्या जोराचा काही अंश सस्पेन्शन दाबण्यात खर्ची पडतो. जेथे उतार तासभर चालतो, तेथे हा खर्च वसूल होतो. पांगरीच्या बाजूने बालाघाट काहीशे फूटच उंच उठतो. चढ बराच वेळ घेतो आणि उतार पाहता पाहता संपतो. अशा ठिकाणी १७० मिलिमीटरची सायकल घेणारा मनुष्य वर्षभर ज्या गोष्टीचा भार वाहतो, तिचा उपयोग त्याला क्वचितच घडतो.

बार्शीकरांना हे पटवण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत जी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, ती अवघ्या २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवर धावत होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने एका आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही असा नियम घालून भार अधिक चाकांवर वाटला. त्यामुळे हलके रूळ पुरले, वळणे आवळता आली, आणि पुढे हीच गाडी पांगरीनंतरचा घाट चढून १९११ मध्ये लातुरास पोहोचली. ब्रॉडगेज अधिक रुंद म्हणून अधिक चांगली, असा हिशेब त्या माणसाने मांडला नाही. मुलूख कसा आणि वाहतूक किती, हे आधी पाहिले.

ट्रॅव्हलच्या आकड्यापेक्षा तो वापरला कसा जातो, ही बाब अधिक महत्त्वाची आहे, आणि ती घरच्या अंगणात तपासता येते. मागच्या शॉकच्या चकचकीत दांडीवर रबराचे एक बारीक कडे असते. भिंतीचा आधार घेऊन, पाठीवर नेहमीची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्यांसकट सायकलवर बसावे, कडे शॉकच्या तोंडाशी सरकवावे आणि धक्का न देता अलगद उतरावे. आपल्या वजनाने शॉक किती दबला ते कडे दाखवून देते. या दबण्यास ‘सॅग’ म्हणतात, आणि ट्रेल सायकलीच्या मागच्या बाजूस तो २५ ते ३० टक्के असावा असा सर्वसाधारण प्रघात आहे. १४० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या सायकलीस ५५ मिलिमीटर स्ट्रोकचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा, शॉक असेल, तर कडे १४ ते १६ मिलिमीटरवर आलेले दिसले पाहिजे. कमी आल्यास हवा जास्त आहे, अधिक आल्यास कमी. पुढच्या काट्यास हा सॅग थोडा कमी, साधारण १५ ते २० टक्के, ठेवतात. मग आपल्या शिवारातील सर्वांत खडतर वाटेने एक फेरी मारून कडे पुन्हा पाहावे. सॅग बरोबर असूनही ते स्ट्रोकच्या तीन-चतुर्थांशापलीकडे कधीच जात नसेल, तर त्या मुलखासाठी सायकलीचा ट्रॅव्हल अधिक आहे, एवढे सरळ अनुमान निघते. हवा न जुळवलेल्या १६० मिलिमीटरच्या सायकलीपेक्षा नीट जुळवलेली १३० मिलिमीटरची सायकल दगडांवरून अधिक शांत जाते, हे ज्याने दोन्ही चालवून पाहिल्या त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी समजूत पहिलीहून अधिक हानिकारक आहे, कारण तिची झळ कमी पैशाच्या ग्राहकास लागते. ‘डबल शॉकअप’ दिसली की ती माउंटन बाइक, असे आपल्याकडे धरून चालतात, आणि पंधरा-वीस हजारांत दोन शॉकअप मिळत असता एकच असलेली सायकल त्याहून महाग का, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. त्याचे उत्तर स्प्रिंग आणि अवमंदन यांच्या भेदात आहे. स्प्रिंग धक्का साठवते. साठवलेला धक्का तिने परत द्यावयाचाच असतो. तो सावकाश, आवरून परत देण्याचे काम शॉकच्या पोटातील तेल अरुंद छिद्रांतून ढकलले जाऊन करते, आणि त्यासच अवमंदन म्हणतात. स्वस्त सायकलीच्या मागे बहुधा नुसती स्प्रिंगच असते. ती दगडावर दबते आणि लगेच उसळी मारून स्वाराला पुढे फेकते. चढावर प्रत्येक पायडलगणिक खाली-वर होते. आणि तिचे सांधे साध्या बुशांवर फिरत असल्याने पहिल्याच पावसाळ्यानंतर मागचे चाक डावी-उजवीकडे हलू लागते. खऱ्या अर्थाने काम देणारी, दोन्हीकडे हवेचे आणि तेलाचे शॉक असलेली ट्रेल सायकल दीड-दोन लाखांच्या खाली सहसा मिळत नाही. ज्याची तरतूद तेवढी नाही त्याने मागे शॉक नसलेली, म्हणजे हार्डटेल, आणि पुढे १२० मिलिमीटरचा चांगला हवेचा काटा असलेली सायकल घ्यावी, आणि त्यात कमीपणा मानू नये. कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायसच्या परिसरात १९७६ पासून ‘रीपॅक’ नावाच्या ज्या उतार-शर्यती झाल्या व ज्यांतून हा सगळा खेळ उभा राहिला, त्यांतील सायकलींना सस्पेन्शन मुळीच नव्हते. पुढच्या काट्याचे पहिले यशस्वी सस्पेन्शन बाजारात येण्यास १९८० चे दशक सरावे लागले.

त्या शर्यतीच्या नावामागील कारण मात्र आजच्या ग्राहकानेही ध्यानात ठेवावे. उतारावर मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि शर्यतीनंतर हब पुन्हा ग्रीसने भरावे लागे. ट्रॅव्हल वीस मिलिमीटर कमी असला तर वेग थोडा आवरून भागते. ब्रेक कमी पडला तर भागत नाही. म्हणून तेलावर चालणारे डिस्क ब्रेक आणि निदान पुढे १८० मिलिमीटरची डिस्क, यावर तडजोड करू नये.

२९ इंची चाकाविषयी आपल्याकडे उगाच धास्ती आहे. ते उंचापुऱ्या परदेशी माणसांसाठी आहे, असे सांगितले जाते. दूध आणि वैरण वाहणाऱ्या आपल्या जुन्या २८ इंची सायकलीच्या रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास ६३५ मिलिमीटर असतो. २९ इंची सायकलीचा ६२२. म्हणजे ज्यास आपण राक्षसी समजतो ते रिम आपल्या आजोबांच्या सायकलीच्या रिमहून १३ मिलिमीटर लहानच आहे. जाड टायरामुळे चाक मोठे होते इतकेच. मोठे चाक ओघळीत कमी अडकते आणि गोट्यांवरून सहज वर चढते, हा लाभ आपल्या ओढ्यांत प्रत्यक्ष अनुभवास येतो. फार ठेंगण्या स्वाराने २७.५ इंचाचा विचार अवश्य करावा.

गिअरांच्या संख्येचा मोह तर आकड्यांनीच उतरावा. २१ गिअरांच्या नेहमीच्या सायकलीस पुढे ४२, ३४ व २४ दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे १४ ते २८ दाते असतात. सर्वांत हलक्या गिअरात, २६ इंची चाकावर, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.७७ मीटर पुढे जाते, सर्वांत जड गिअरात सुमारे ६.२ मीटर. आता पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे १० ते ५१ दात्यांच्या १२ चकत्या असलेली २९ इंची सायकल घ्या: हलक्या गिअरात ती सुमारे १.४४ मीटर जाते आणि जड गिअरात ७.३ मीटरांच्या पुढे. २१ गिअरांच्या दोन्ही हद्दी १२ गिअरांनी ओलांडल्या, कारण २१ पैकी पुष्कळसे गिअर एकमेकांची पुनरावृत्ती करतात. घाटाच्या तोंडाशी ज्याचा दम उखडतो त्याला १.४४ मीटरचे मोल कळते.

परंतु ज्या गैरसमजाने या भागातील होतकरू स्वारांचा उत्साह सर्वाधिक वेळा मोडला आहे, तो हवेचा. हवा टणक मारली की काटा घुसत नाही, अशी पक्की समजूत असल्याने जाड टायरातही ४०-५० पौंड हवा मारली जाते. बाभळीचा काटा असा हिशेब मानत नाही, आणि सराटा तर मुळीच नाही. रस्त्याच्या कडेला, खळ्याजवळ, मुरमाड पडीक जमिनीत पसरणारी ही वेल उन्हाळ्यात वाळते, आणि तिच्या टणक फळाची रचना अशी असते की ते कसेही पडले तरी एक काटा वर राहतोच. हीच वनस्पती बाहेरून जाऊन अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या प्रांतांत माजली आणि तेथील सायकलस्वारांच्या नाकी नऊ आले. त्यावर जो उपाय तेथे रूढ झाला तोच आपणही घ्यावा. ट्यूब काढून टाकावी, ट्यूबलेस टायर बसवावा आणि आत सीलंट म्हणून मिळणारा पातळ द्रव घालावा. सराटा रुतला असता तो उपटावा. छिद्रातून पांढरा द्रव फसफसत बाहेर येतो. ते छिद्र खाली येईल असे चाक फिरवून क्षणभर थांबावे. फेस आटतो, छिद्र बुजते आणि फेरी पुढे चालू राहते. आमच्याकडील उन्हात हा द्रव लवकर सुकतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी त्याची भर घालावी लागते, एवढी मात्र खबरदारी हवी. ट्यूब गेल्यावर हवाही कमी करता येते: ७०-७५ किलो वजनाच्या स्वारास २.४ इंच रुंद टायरात २२ ते २६ पौंड पुरतात. एवढ्या हवेत टायर सुट्या मुरमावर पसरून पकड घेतो. टणक टायर त्याच मुरमावरून घसरतो.

काळ्या जमिनीबाबत खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. चिखलाचे खास टायर घेतले म्हणजे पावसाळ्यातही पाणंदीतून जाता येईल, असे विकणारा सांगतो. ही माती पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. ती टायरावर थरावर थर चढते, फ्रेम आणि चाक यांमधील फट भरून टाकते, आणि शेवटी चाक फिरायचे थांबते. कोणताही टायर तिला पुरून उरत नाही. मोठा पाऊस झाल्यावर काळ्या रानाची वाट सोडून मुरमाड वाट धरावी, किंवा वाफसा येईपर्यंत सायकल घरी ठेवावी. शेतकऱ्याच्या गाडीवाटेत खोल चाकोऱ्या पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मापाविषयी थोडक्यात. बावीस इंची, चोवीस इंची असे बसण्याच्या नळीवरून सायकलीचे माप सांगण्याची आपली जुनी रीत येथे निरुपयोगी आहे, कारण उभे राहून उतरताना सीट खाली जाते आणि शरीराला जागा मिळते ती पुढे-मागे. पायडलच्या आसापासून हँडलच्या नळीपर्यंतचे आडवे अंतर, ज्यास ‘रीच’ म्हणतात, ते पाहावे. सुमारे १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसास साधारणतः ४४० ते ४६० मिलिमीटर जुळते. काट्याचा कोन ६५-६६ अंश आणि बसण्याच्या नळीचा ७६-७७ अंश असेल, तर सायकल उतारावर उलटण्याची भीती घटते आणि चढावर पुढचे चाक जमीन सोडत नाही. कार्बनच्या फ्रेमसाठी जास्तीची रक्कम मोजण्याचे कारण मला दिसत नाही. ती रक्कम टायर, ब्रेक आणि बटण दाबताच खाली-वर होणारी ड्रॉपर सीट यांवर लावावी. पुढच्या काट्याच्या खालच्या नळ्यांतील तेल सुमारे ५० तासांच्या वापरानंतर बदलावे लागते, आणि धुळीच्या दिवसांत त्याहूनही आधी. हे काम जवळपास कोठे होते याची खातरजमा पैसे देण्यापूर्वीच करावी.

आता निर्वाळा. बार्शीत राहून पाणंदी, माळ आणि बालाघाटाच्या वाटा तुडवू इच्छिणाऱ्याने मागे १२० ते १३०, पुढे १३० ते १४० मिलिमीटर ट्रॅव्हलची, २९ इंची चाकांची, अॅल्युमिनियमची सायकल घ्यावी. तरतूद त्याहून कमी असल्यास चांगली हार्डटेल, आणि तीही नसल्यास पैसे साठेपर्यंत थांबावे, पण पंधरा हजारांची डबल शॉकअप घेऊ नये. आणि येडशी-रामलिंगच्या अभयारण्याच्या हद्दीत जायचे झाल्यास वनखात्याचा परवाना आधी घ्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार तो आवश्यक आहे.