बालसाक्षीदाराला प्रश्न विचारण्याचे शिक्षण

एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की लहान मूल अनेकदा आपले उत्तर बदलते. बचाव पक्ष त्याला विसंगती म्हणतो. मुलाच्या लेखी मात्र अर्थ सरळ असतो : मोठी माणसे पुन्हा विचारत आहेत, म्हणजे आपले आधीचे उत्तर चुकले असावे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा मुलाची ही अडचण जाणतो. पोलिसांनी गणवेश न घालता, शक्यतो मुलाच्या घरी जबाब घ्यायचा असतो. न्यायालयात वकिलांनी मुलाला थेट विचारायचे नसते. कलम ३३ नुसार प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. परंतु न्यायाधीशांनी वकिलाचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला, तर ही पायरी व्यर्थच. ‘आरोपी तेथे नव्हता, हे खरे नाही का?’ या दुहेरी नकारात मोठी माणसेही अडखळतात. म्हणून प्रशिक्षणाचा खरा विषय प्रश्नांची भाषा हा आहे : एका वाक्यात एकच गोष्ट, ‘मग काय झाले?’ असा मोकळा प्रश्न आणि ‘माहीत नाही’ हेही उत्तर चालते, याची आधीच दिलेली कल्पना.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्रातील एका प्रकरणात, असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्हा न्यायालयात साक्ष केंद्र उभारण्याचे निर्देश दिले. प्रशिक्षणाची आखणी न्या. गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवली. खोली आणि पडदा लवकर उभा राहतो. माणसे घडायला वेळ लागतो.

गोव्याने तर पोक्सोच्या नऊ वर्षे आधी, २००३ च्या बाल कायद्यात स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली. येथील अडचण भाषेची अधिक. मूल कोकणी, मराठी, हिंदी किंवा कन्नड बोलते. नोंद बहुधा इंग्रजीत होते. जबाब मुलाच्याच शब्दांत नोंदवावा, असे कायदा सांगतो. अवयवासाठी मुलाने घरातला शब्द वापरला, तर दुभाष्याने संकोचून सभ्य पर्याय योजू नये. त्या शब्दालाच पुराव्याचे मोल असते.

सर्वांत नाजूक भूमिका बाल कल्याण समितीने नेमलेल्या साहाय्यक व्यक्तीची. तपासापासून खटल्यापर्यंत ती मुलासोबत असते, न्यायालयात कोण कुठे बसते ते समजावते. ‘मी काय सांगू?’ असे मुलाने विचारले, तर ‘जे आठवते ते’ एवढेच तिने म्हणावे. ‘शाब्बास, छान सांगितलेस’ हे प्रेमाने उच्चारलेले शब्दही उलटतपासणीत ‘पढवले’ या आरोपाला पुरेसे ठरू शकतात.