आधी माप, मग बाजार

ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यातला शेतकरी जमीन स्वतःकडे ठेवून नुसतं पाणी विकू शकतो: कायमचा हक्क, किंवा फक्त त्या वर्षी वाट्याला आलेलं पाणी. खोरं दहा लाख चौरस किलोमीटरचं, महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं. २०२१च्या आधीच्या वर्षांत पाण्याची उलाढाल वर्षाला सरासरी १८० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर होती. ओल्या वर्षांत शंभर डॉलरच्याही खाली असणारा दहा लाख लिटरचा भाव २०१९च्या दुष्काळात आठशेच्या आसपास गेला. भातवाले आणि गायीवाले शेतकरी संतापले. शेतीशी संबंध नसलेले गुंतवणूकदार पाणी दाबून बसलेत, असा त्यांचा आरोप होता. तिथल्या केंद्र सरकारने स्पर्धा व ग्राहक आयोगाला चौकशीला लावलं आणि मार्च २०२१मध्ये अंतिम अहवाल बाहेर आला.

भाववाढीचं मुख्य कारण आयोगाला दुष्काळात आणि वाढत्या मागणीत दिसलं. गुंतवणूकदारांनी भाव खेळवल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. पण मला या निष्कर्षापेक्षा त्यामागची अवस्था जास्त गंभीर वाटते. सरकारी नोंदवहीत कित्येक व्यवहारांपुढे किमतीच्या रकान्यात शून्य लिहिलेलं होतं. आपल्या बाजार समितीत कांद्याच्या आडत्यालाही परवाना लागतो. ऑस्ट्रेलियात कोट्यवधींच्या पाण्याच्या दलालाला तो लागत नव्हता. गिऱ्हाइकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती नव्हती, आणि एकच दलाल दुसऱ्यासाठी खरेदी करता करता स्वतःसाठीही करू शकत होता. अशा बाजारात लबाडी झाली नाही हे तरी छातीठोकपणे कोण सांगणार?

आणि कागदावर विकलेलं पाणी शेवटी नदीतूनच न्यावं लागतं. मरे नदी बार्मा इथे रेड गम झाडांच्या जंगलातून जाताना इतकी अरुंद होते की दिवसाला सुमारे सात अब्ज लिटरपेक्षा जास्त पाणी सोडलं, तर ते काठ ओलांडून झाडीत शिरतं. खालच्या अंगाला बदामाच्या बागा वाढल्या, तशी पाण्याची मागणीही तिकडे सरकली. मग बार्माची अरुंद वाट टाळून ते पाणी गोलबर्न या उपनदीतून ऐन उन्हाळ्यात, एरवी तिचा प्रवाह कमी असायचा त्या दिवसांत, सोडलं गेलं आणि तिचे काठ ढासळले. ही झीज पाण्याच्या भावात कुठेच धरलेली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, पाणी विकूच नये. पिण्याचं पाणी आणि नदीचा वाटा यांबाबत ते मला पूर्ण मान्य आहे. हे दोन्ही आधी बाजूला काढलेच पाहिजेत. पण दुष्काळात भाताचं रान एक हंगाम पड ठेवून त्याचं पाणी द्राक्षबागेला देता आलं, तर बाग जगते आणि भातवाल्याच्या हातीही पैसा पडतो. दुसरा आक्षेप असा, की नियमांनी बाजार आखडेल. दलालाने परवाना घेतला आणि खरा भाव नोंदवला, एवढ्याने आखडणारा बाजार मुळात अडाण्याच्या अज्ञानावरच चालत असणार. तिथल्या संसदेने २०२३मध्ये कायदा बदलून दलालांसाठी बंधनकारक आचारसंहितेची, तसंच भाव खेळवण्यावर आणि आतल्या माहितीच्या गैरवापरावर बंदीची तरतूद केली. बाजार मात्र त्याआधी कित्येक वर्षं सुरूच होता.

महाराष्ट्राच्या २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातही पाण्याच्या हक्काच्या हस्तांतराला जागा आहे. पण आपल्या लाभक्षेत्रांत बऱ्याच ठिकाणी पाणीपट्टी अजून पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाते. चारीच्या तोंडाशी किती पाणी सुटलं आणि टेलला किती पोचलं, हे तिथे मोजलेलं नसतं. ज्या शेतापर्यंत आवर्तन धड येतच नाही, तिथल्या शेतकऱ्याच्या नावावर विकण्याजोगा हक्क किती लिटरचा, हे आजच्या नोंदींवरून सांगता येणार नाही.